मांजराला एकाएकी खाज सुटली तर



बेणे, खते, पाणी यांवर आम्ही या पानातून नेहमी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा, पण आपल्या वस्तीवरचाच आहे. धान्याची पोती उंदरांपासून राखणारे मांजर पुष्कळ घरी असते. ते एकाएकी अंग ओरबाडू लागले, की गोठ्यातले गोचिडाचे औषध त्याच्यावरही मारावे असे वाटते. तेवढे मात्र करू नका.

गोचिडाच्या कित्येक औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते. गाई-म्हशींना ते ठरल्या मात्रेत चालते. मांजराचे यकृत मात्र त्याचा नीट निचरा करू शकत नाही. त्यातून मांजर अंग चाटते, म्हणजे कातडीवरचे औषध पोटात जाते. मग लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात आणि मांजर दगावू शकते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे औषधही असेच घातक. घासलेट, फिनेलही लावू नये. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विषच.

मग करायचे काय? आधी कारण पाहा. उवांची बारीक फणी पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत फिरवा. निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी. काही मांजरांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते. त्यांना दोन-चार चावेही पुरतात.

कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली, तर तिथे बारीक कोळी झालेला असतो. पिकावर लाल कोळी येतो, त्याच्याच जातकुळीतला. कानाच्या कडांना व तोंडावर खपल्या असतील तर खरूज, आणि गोल चट्टे पडून केस गेले असतील तर गजकर्ण असू शकते. हे दोन्ही माणसालाही लागतात. हात साबणाने धुवा, पोरांना लांब ठेवा.

पिसवा असतील तर रोज फणी फिरवून त्या साबणाच्या पाण्यात बुडवा. मांजराचे गोणपाट कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. घराचे कोपरे वरचेवर झाडा. पिसवेची मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालते आणि ती अंगावर न राहता खाली गळतात. कोषातली पिसू तर कित्येक महिने टिकते. उसात खोडकिडीचे नुसते पतंग मारून भागत नाही, तसेच हे. म्हणून दोन दिवसांत थांबू नका, दोन-तीन महिने नेटाने करा. घरात कुत्रे असेल तर त्याच्याही पिसवांचा बंदोबस्त करा. औषध मात्र पशुवैद्यकांनी मांजराचे वजन पाहून दिलेले, मांजरासाठीचेच वापरावे.

चुकून गोचिडाचे औषध अंगावर पडलेच, तर कोमट पाणी व भांड्याच्या सौम्य साबणाने मांजर लगेच धुवा, कोरडे करून फडक्यात गुंडाळा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. झटके येत असतील तर धूत बसू नका, तसेच न्या. तोंड एकदम सुजले, धाप लागली, तरीही वाट पाहू नका.

गोठ्यात फवारा मारल्यावर जनावरे वाळेपर्यंत मांजर आत सोडू नये. सभासदांनी ही गोष्ट घरच्या मंडळींना आणि फवारणी करणाऱ्या गड्यांना आवर्जून सांगावी.