शुक्राणूला तयार करणारी सहा मीटरची नळी

वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू दिसायला पूर्ण असतो, पण त्याला धड पुढे पोहता येत नाही की अंडपेशी फलित करता येत नाही. माणसात तो घडायला सत्तरएक दिवस लागलेले असतात, तरीही तो अपुरा! उरलेले काम होते अधिवृषणात. वृषणाला चिकटलेली ही गुंडाळलेली नळी उलगडली, तर सुमारे ६ मीटर भरते. माणसाचे शुक्राणू ती साधारण २ ते ६ दिवसांत ओलांडतात, तर ऱ्हीसस माकडाचे दहाएक दिवसांत.

या प्रवासात शुक्राणू स्वतः फारसे काही करू शकत नाही. त्याचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो, की त्यावरून नवी प्रथिने घडत नाहीत. म्हणून लागेल ते नळीच्या भिंतीतल्या पेशी पुरवतात. शर्यतीत धावणाऱ्या एकट्या शुक्राणूची कथा आपण आवडीने सांगतो; या पेशींचे श्रेय त्यात हरवते, ते मला खटकते.

माकडांच्या अभ्यासात डीईएफबी-१२६ नावाचे एक प्रथिन विलक्षण ठरले. अधिवृषणात ते शुक्राणूवर दाट, शर्करायुक्त लेप चढवते. त्या लेपामुळे शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून पार होतो आणि स्त्रीच्या प्रतिकारयंत्रणेपासूनही बचावतो. मात्र अंडपेशीला भिडण्याआधी तोच लेप उतरावा लागतो. स्त्रीच्या प्रजननमार्गात होणारी ही अखेरची तयारी १९५१ मध्ये चांग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली होती. लेपाचा उलगडा बराच नंतरचा.

२०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले, की हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाची सदोष प्रत माणसात सर्रास आढळते. दोन्ही प्रती सदोष असलेल्या पुरुषांचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसतात. संख्या ठीक, हालचाल ठीक. पण चिकट स्रावासारख्या जेलमध्ये ते अडखळतात. नेहमीच्या वीर्यतपासणीत हे कळत नाही. पुरुषाचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला, की आपल्याकडे संशय बायकोवर जातो. हा अन्याय आहे.

हा सगळा प्रवास टाळणारी एक वाटही आहे. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी जाहीर केलेल्या इक्सी पद्धतीत एकच शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडतात. तिथे वृषणातून काढलेला अपरिपक्व शुक्राणूही चालतो, कारण त्याला ना पोहायचे असते, ना चिकट स्राव ओलांडायचा असतो, ना अंडपेशीचे कवच भेदायचे असते.