काशीची बडी संगत

बडी संगत हे काशीतील शिखांचे जुने आणि मानाचे स्थान. चौकाकडून मैदागिनकडे जाताना नीचीबाग लागते, तेथे हा गुरुद्वारा आहे. दुर्गाघाटाच्या मराठी वस्तीतून तो पायी जाण्याइतका जवळ. दुर्गाघाट आणि त्याला लागून असलेला ब्रह्माघाट यांचे बांधकाम पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी जोडले जाते. नाना फडणविसांचा वाडाही दुर्गाघाटावरच. पिढ्यान्‌पिढ्या मराठी यात्रेकरू या घाटांवर उतरत आले. मात्र त्यांच्या काशीयात्रेच्या क्रमात बडी संगत सहसा नसते. ती असायला हवी, कारण शीख इतिहासाची काशीतील पाने मराठी इतिहासाच्या पानांना वारंवार येऊन भिडतात.

गावोगावचे अनुयायी एकत्र जमून नामस्मरण आणि कीर्तन करीत, ती संगत. तिला वेगळी इमारत लागत नसे. एखाद्या सद्‌गृहस्थाचे घर पुरत असे. तिसरे गुरू अमरदास यांनी या विखुरलेल्या समुदायांची 22 मंजींत, म्हणजे विभागांत, व्यवस्था लावली. पुढे गुरूंचे प्रतिनिधी, म्हणजे मसंद, दूरदूरच्या संगतींची देखभाल करू लागले. काशी, पाटणा, ढाका या मोठ्या शहरांतून संगती उभ्या राहिल्या. गुरू पंजाबात आणि अनुयायी गंगेच्या काठी, असे असूनही संबंध तुटला नाही, याचे श्रेय या व्यवस्थेला आणि हुकूमनाम्यांना आहे. हुकूमनामा म्हणजे गुरूंनी संगतीला धाडलेले पत्र. त्यात आशीर्वाद असत, तशाच कामाच्या सूचनाही. गुरू तेगबहादूर यांनी बनारसच्या संगतीला लिहिलेले हुकूमनामे आजही उपलब्ध आहेत.

काशीशी शीख परंपरेचा पहिला संबंध मात्र गुरू नानकांचा. पूर्वेच्या यात्रेत, सोळाव्या शतकाच्या आरंभी, ते येथे आले आणि एका बागेत उतरले. पंडित चतुरदासांशी त्यांचा संवाद झाला, अशी परंपरा आहे. त्या जागी आज गुरुबाग हा गुरुद्वारा उभा आहे. काशीने शिखांना याहूनही मोठे काही दिले. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ हा शिखांचा धर्मग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात कबीर आणि रविदास या दोन काशीकर संतांची वाणी समाविष्ट झाली. दुर्गाघाटाच्या अगदी शेजारी, पंचगंगा घाटावर, ज्यांचा श्रीमठ आहे त्या रामानंदांचे एक पदही त्यात आहे. याच ग्रंथात पंढरीच्या नामदेवांची 61 पदे आहेत. विठ्ठलाच्या वारकऱ्याला बडी संगतीत परके वाटण्याचे कारण नाही; तेथे ज्या ग्रंथापुढे माथा टेकवला जातो, त्यात त्याचा नामदेव आहे.

गुरू तेगबहादूर 1664 साली गुरुगादीवर आले आणि लवकरच पूर्वेच्या प्रवासाला निघाले. दिल्लीजवळ मोगल अंमलदारांनी त्यांना अडकवले, तेव्हा मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याने रदबदली करून त्यांना सोडवले. आग्रा, प्रयाग असे मुक्काम करीत 1666 साली ते काशीला आले आणि भाई कल्याणमल यांच्या घरी उतरले. हेच घर पुढे बडी संगत झाले. मुक्काम सात महिन्यांहून अधिक होता, असे परंपरा सांगते. ज्या लहानशा खोलीत ते ध्यानाला बसत, ती जागा तेथे दाखवली जाते. ग्रहणाच्या पर्वणीला स्नानासाठी घाटावर जाण्याऐवजी त्यांनी तेथलीच एक शिळा सरकवली आणि गंगा वर आली, अशी कथा आहे. त्या जागेची विहीर भाविक आजही श्रद्धेने पाहतात. गुरूंचा चोला, त्यांचा जोडा आणि बाल गोविंदरायांचा जोडा हे या स्थानाचे सर्वांत मौल्यवान धन. गोविंदराय, म्हणजे पुढचे गुरू गोविंदसिंग, यांचा जन्म 1666च्या डिसेंबरात पाटण्याला झाला. लहानपणी पंजाबकडे जाताना त्यांचा काशीत मुक्काम झाला, त्याची ही आठवण.

त्याच 1666 साली, ऑगस्टमध्ये, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. तेथे महाराजांची जबाबदारी ज्याच्यावर होती, तो हाच रामसिंग. औरंगजेबाची त्याच्यावर खप्पामर्जी झाली आणि पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर पाठवण्यात आले. त्या मोहिमेत पूर्वेकडे असलेले गुरू तेगबहादूर त्याला पुन्हा भेटले, आणि आसामचे आहोम राज्यकर्ते व मोगल यांच्यात समेट घडवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, असे शीख परंपरा मानते. महाराष्ट्राचा आणि पंजाबचा इतिहास एकाच माणसाच्या आयुष्यात इतका जवळ आल्याची उदाहरणे थोडी आहेत. 1675 साली औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीत चांदणी चौकात गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला.

शीख म्हटले की तलवार आठवते. काशीत मात्र त्यांनी पोथी हाती घेतली, आणि या शहरातील शीख इतिहासाचा हाच सर्वांत मोलाचा भाग. गुरू गोविंदसिंगांनी 1686च्या सुमारास करमसिंग, वीरसिंग, गंडासिंग, सैनासिंग आणि रामसिंग या पाच शिष्यांना संस्कृत शिकण्यासाठी काशीला पाठवले. जातीचे कारण सांगून एका पंडिताने आपल्या शिखांना शिकवायचे नाकारल्यावर गुरूंनी हा निर्णय घेतला, असे सांगतात. ज्या शहरातल्या गागाभट्टांनी बाराच वर्षांपूर्वी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला, त्याच शहरात हे पाच जण भगवी वस्त्रे नेसून वेदान्त, व्याकरण आणि पुराणे शिकले. ते जेथे राहिले तो चेतन मठ. अनेक वर्षांच्या अध्ययनानंतर ते आनंदपूरला परतले आणि त्यांच्यापासून निर्मल पंथाची परंपरा सुरू झाली. निर्मल साधूंनी शीख धर्मविचाराला संस्कृत पांडित्याची जोड दिली, आणि काशी हे त्यांचे विद्याकेंद्र राहिले.

1699 साली गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. मसंदांची व्यवस्थाही त्यांनी मोडून काढली. 1708 साली नांदेडला, गोदावरीकाठी, गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. तेथील सचखंड हजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात उभारली. त्याच दशकात त्यांनी काशीलाही सोने पाठवले. औरंगजेबाने 1669 साली पाडलेले विश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780च्या सुमारास पुन्हा बांधले होते. त्या मंदिराचे शिखर लाहोरच्या सोन्याने मढले. विश्वनाथाच्या माथ्यावर जे चकाकते ते शिखांचे, आणि त्याखालचा दगड मराठ्यांचा.

कार्तिकी पौर्णिमेला या शहरात दोन्ही परंपरा एकाच वेळी जाग्या होतात. बडी संगत आणि गुरुबाग येथे गुरू नानकांच्या जयंतीचे कीर्तन आणि लंगर चालतो, तर पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ उजळतो आणि शेजारच्या दुर्गाघाटावर देवदिवाळीच्या पणत्या लागतात.

विश्वनाथाला सोने देणारे रणजितसिंग 1839 साली वारले. त्यांची राणी जिंद कौर काशीत आली ती कैदी म्हणून. अल्पवयीन मुलगा दलीपसिंग याच्या नावाने ती लाहोरचा कारभार पाहत होती. तिच्याविषयीच्या धास्तीने इंग्रजांनी तिला 1848 साली पंजाबातून हलवून बनारसला ठेवले. मार्च 1849मध्ये इंग्रजांनी पंजाब आपल्या राज्यात विलीन केला. पुढच्याच महिन्यात तिला गंगेवरच्याच चुनारच्या किल्ल्यात नेले. तेथून दासीच्या वेशात ती निसटली आणि नेपाळला पोचली. तेथील पंतप्रधान जंगबहादुराने तिला आसरा दिला. मायलेकांची भेट व्हायला 1861 साल उजाडले. 1863च्या ऑगस्टमध्ये ती लंडनमध्ये वारली. देह पंजाबात नेण्याची परवानगी दलीपसिंगाला मिळाली नाही, म्हणून 1864 साली नाशिकला गोदातीरी तिच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तेथेच समाधी बांधण्यात आली. 1924 साली तिची नात बांबा हिने अस्थी लाहोरला नेऊन रणजितसिंगांच्या समाधीत ठेवल्या.