चारचौघांत येण्यासाठी

वसंतात आणि पुन्हा शरदात अमेरिकेतील लहानमोठ्या नगरांच्या उद्यानांत, क्रीडांगणांच्या आवारांत अथवा नदीकाठच्या रस्त्यांवर, बहुधा शनिवार-रविवारच्या सकाळी, शेकड्यांनी आणि कधी हजारांनी माणसे जमतात आणि दोन-तीन मैलांचे अंतर सावकाश चालून जातात. या चालण्यात शर्यत नसते आणि कोणाला बक्षीस मिळायचे नसते. आजोबा चाकाच्या खुर्चीत असतात, तान्ही मुले बाबागाडीत असतात, आणि कित्येक तुकड्यांच्या अंगावर एकाच रंगाचे सदरे असून त्यांवर त्या त्या घरातील एका मुलाचे नाव छापलेले असते. ते मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले, असते. त्याच्या नावाने आईवडील, मावश्या, काका, शेजारी, वडिलांच्या कचेरीतले सहकारी आणि शाळेतल्या बाई चालत असतात, आणि त्याआधी कित्येक आठवडे या सर्वांनी आपापल्या ओळखीच्या माणसांकडून त्या कार्यासाठी वर्गणी मागितलेली असते.

पायी चालून लोकांपाशी काही मागणे आपल्याला नवे नाही. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर ती पदयात्रा वर्षानुवर्षे देशभर चालत राहिली. अमेरिकेतील प्रथा निराळ्या वाटेने आली. नॉर्थ डकोटा राज्यातील बिस्मार्क या गावी 1969 च्या ऑक्टोबरात तेथील ख्रिस्ती मंडळींनी जगातील उपाशी माणसांसाठी ‘क्रॉप’ या नावाने पदयात्रा काढली. पुढच्याच वर्षी ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने टेक्सासमधील सॅन अँटोनियो आणि ओहायोमधील कोलंबस या शहरांत तसाच उपक्रम केला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध 1938 मध्ये उभी केलेली ही संस्था दहा-दहा सेंटांच्या नाण्यांवर वाढली होती, आणि पोलिओची लस निघाल्यावर बालकांच्या जन्मजात व्याधींकडे वळली होती. दर मैलामागे अमुक रक्कम देईन असे वचन ओळखीच्या माणसाकडून कागदावर लिहून घ्यावे, ठरलेले अंतर चालून यावे आणि मग वसुली करावी, असा त्या काळचा साधा व्यवहार होता. आता मैलांचा हिशेब मागे पडला आहे आणि कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे. परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. देणारा मनुष्य संस्थेकडे पाहून देत नाही, मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून देतो. आणि मागणाऱ्याला, तो मागतो आहे म्हणूनच, आपल्या घरातील गोष्ट बोलून दाखवावी लागते. स्वमग्न मुलांच्या बाबतीत या प्रथेला जे मोल आले, ते जमलेल्या पैशापेक्षा अधिक या बोलून दाखवण्यामुळे आले, असे माझे मत आहे.

त्याचे कारण समजण्यासाठी या घरांवर पूर्वी काय गुदरले ते पाहिले पाहिजे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचे वर्णन करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, बोललीच तर ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा उच्चारीत, आणि रोजच्या क्रमात तिळमात्र फरक पडला तरी व्याकुळ होत. निरीक्षण सूक्ष्म होते. परंतु या मुलांच्या आईबापांत मायेची ऊब कमी दिसते असेही त्यांनी नोंदविले होते, आणि पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्यांनी त्या धाग्याचा दोर वळला. 1967 मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथाने, मूल असे झाले याचा दोष आईच्या अंतःकरणातील थंडपणावर ठेवला. ज्या बाईने रात्र-रात्र जागून, घासा-घासाला विनवून मूल वाढविले, तिलाच विद्वानांच्या दरबारात आरोपी म्हणून उभे केले गेले. आणि आरोपी माणूस चारचौघांत येत नाही.

हा आरोप मोडून काढण्याचे काम पालकांनीच अंगावर घेतले. अमेरिकन नौदलाच्या सेवेतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्ये ग्रंथ लिहून स्वमग्नतेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे असे प्रतिपादन केले आणि दुसऱ्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. इंग्लंडमधील पालकांनी 1962 मध्येच अशी संस्था काढली होती. 1977 मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या 21 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, तर वेगवेगळ्या बीजांच्या 10 जोड्यांत असे एकही उदाहरण सापडले नाही. संख्या लहान होती, तरी आनुवंशिकतेचा पुरावा प्रथमच हाती आला, आणि पुढील संशोधनाने तो दृढच केला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठ वर्षांच्या 31 मुलांमागे 1 मूल स्वमग्न आढळले. 2000 सालच्या पाहणीत हेच प्रमाण 150 मागे 1 होते. ही वाढ पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मधल्या काळात व्याख्या रुंदावली आणि पूर्वी नजरेतून सुटणारी मुले, विशेषतः मुली, आता ओळखू येऊ लागली, हे तिचे एक मोठे कारण आहे.

या पार्श्वभूमीवर 1994 मध्ये न्यू जर्सीत आणि 1995 मध्ये कॅलिफोर्नियात पालकांनी संशोधनासाठी निधी जमविणाऱ्या दोन संस्था काढल्या आणि त्यांनी पदयात्रेचा मार्ग धरला. एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीचे प्रमुख बॉब राइट आणि त्यांच्या पत्नी सुझन यांचा नातू स्वमग्न होता. त्यांनी 2005 मध्ये ‘ऑटिझम स्पीक्स’ ही संस्था स्थापन केली, आणि अल्पावधीतच वरील दोन्ही संस्था तिच्यात विलीन झाल्या. त्यांच्याबरोबर पदयात्राही आल्या आणि अमेरिकाभर पसरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2007 मध्ये ठराव करून 2 एप्रिल हा दिवस स्वमग्नतेच्या जाणीव-जागृतीसाठी मुक्रर केला, त्यामुळे एप्रिल महिन्याला या कार्यात विशेष स्थान मिळाले.

अशी पदयात्रा योजणे हे इतर निधिसंकलनाहून नाजूक काम आहे. ज्यांच्यासाठी ती काढायची त्यांतल्या अनेकांना गर्दी, ध्वनिक्षेपक, ढोलताशे, फुटणारे फुगे यांचा असह्य त्रास होतो. स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत इंद्रियांच्या या तीव्र किंवा मंद संवेदनेचा समावेश अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये केला. आयांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. मिक्सरचा आवाज सुरू झाला की कान झाकून पलंगाखाली शिरणारे मूल ज्यांनी वाढविले, त्यांना त्यासाठी ग्रंथाची गरज नव्हती. म्हणून जाणत्या योजकांच्या यात्रेत आरंभाचा भोंगा वाजत नाही, सगळ्यांना एकाच वेळी सोडले जात नाही, मैदानाच्या एका कोपऱ्यात आवाज व उजेड कमी असलेला शांत तंबू असतो, कानांवर घालायची आवरणे मागितली की मिळतात, आणि त्या दिवशी काय-काय घडणार आहे याची चित्रे घरोघर आधीच पाठविलेली असतात, जेणेकरून मुलाला प्रत्येक गोष्ट अनपेक्षित वाटू नये. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी, पाणी हवे, घरी जायचे आहे, पुरे झाले, हे बोट ठेवून सांगता येईल असा चित्रफलक ठेवलेला असतो.

त्याहून मोठी काळजी मूल हातातून निसटण्याची. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 49 टक्के स्वमग्न मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर निदान एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले. अशा मुलांपैकी अनेकांना पाण्याची ओढ असते आणि बुडून मृत्यू येण्याचे भय खरे असते. तेव्हा तळ्याकाठच्या उद्यानात यात्रा ठेवली तर पाण्याच्या कडेला स्वयंसेवकांचा बंदोबस्त हवा, मुलाच्या मनगटावर घरच्या दूरध्वनीचा क्रमांक हवा. एरवी लग्नाकार्यात मुलाचा हात क्षणभरही न सोडता एका कोपऱ्यात बसणाऱ्या आईला त्या सकाळी, आपल्याखेरीज आणखी शंभर डोळे आपल्या लेकराकडे पाहत आहेत आणि त्यांत एकाही डोळ्यात नापसंती नाही, हा अनुभव येतो. मूल मध्येच रस्त्यावर आडवे पडून किंचाळू लागले तरी कोणी ‘वळण लावले नाही’ असे म्हणत नाही. बाजूचे कुटुंब वाट सोडून थांबते आणि गरज आहे का एवढेच विचारते. मला या प्रथेचा सर्वांत मोठा लाभ हा दिसतो.

पैशाची गरज श्रीमंत देशातही का पडावी, असे कोणी विचारील. तेथे 1975 च्या कायद्याने विकलांग मुलांच्या सार्वजनिक शिक्षणाची हमी दिली, 1990 मध्ये स्वमग्नतेला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले, आणि 2019 पर्यंत पन्नासही राज्यांनी विमा कंपन्यांना उपचारांचा खर्च उचलण्यास भाग पाडले. तरीही शाळेचे वय संपले की या हमीचा आधार सुटतो, आणि सरकारी साहाय्यासाठी अर्ज केल्यावर कित्येक राज्यांत प्रतीक्षायादीवर वर्षे निघून जातात. गावातील लहान संस्था अशा वेळी उपयोगी पडते: आईला आठवड्यातून काही तास उसंत मिळावी म्हणून मूल सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती, पोहण्याचे शिक्षण, उन्हाळी शिबिर, नव्याने निदान झालेल्या घराला दफ्तरी भाषेतले अर्ज भरण्यास मदत. मोठ्या संस्थेकडे गेलेला पैसा संशोधनात आणि प्रचारात बराच जातो. त्याचीही गरज आहे. परंतु ज्या गावाच्या रस्त्यावर चालून रक्कम जमली, त्या गावातल्या घरांपर्यंत तिचा किती भाग पोचला हे विचारण्याचा अधिकार चालणाऱ्यांना आहे, आणि तो जमाखर्च त्यांच्यापुढे न मागता ठेवला गेला पाहिजे.

याहून गंभीर हरकत स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांनी घेतली आहे. 1993 मध्ये टोरोंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न वक्त्याने पालकांना विनविले की आमच्यासाठी शोक करू नका. तुमच्या कल्पनेतले मूल आले नाही याचे दुःख आमच्या अस्तित्वावर लादू नका. 2006 मध्ये स्वमग्न माणसांनी चालविलेली ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’ ही संस्था निघाली. ‘ऑटिझम स्पीक्स’ने 2009 मध्ये काढलेल्या एका चित्रफितीत स्वमग्नता ही संसार उद्ध्वस्त करणारी वैरीण म्हणून रंगविली होती, तिच्याविरुद्ध मोठा क्षोभ झाला आणि ती मागे घ्यावी लागली. लेखक जॉन एल्डर रॉबिसन हे स्वतः स्वमग्न; त्यांनी 2013 मध्ये या संस्थेच्या सल्लागारपदांचा राजीनामा दिला. 2015 च्या अखेरीस तिच्या नियामक मंडळावर प्रथमच स्वमग्न व्यक्ती आल्या, आणि पुढच्या वर्षी तिच्या ध्येयपत्रिकेतून बरे करण्याची भाषा निघून गेली. या हरकती मला रास्त वाटतात. पालकांचे कष्ट खरे आहेत, न बोलणाऱ्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाच्या घरातील रात्री किती लांब असतात हे नाकारण्यात कोणाचेच हित नाही. पण दात्याचा हात सैल व्हावा म्हणून मुलाचे चित्र भयंकर रंगविले, तर त्या पैशाने विकत घेतलेली दया त्याला आयुष्यभर पुरते आणि सन्मान मात्र मिळत नाही.

आपल्याकडे हे कार्य बहुतांशी पालकांनी उभे केले. मेरी बरुआ यांनी आपल्या मुलाच्या निमित्ताने 1991 मध्ये दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही पालकांची संघटना आहे, आणि डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 मध्ये ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र काढले. 2 एप्रिलच्या सुमारास मुंबई-पुण्यातही पदयात्रा निघतात, आणि 2004 पासून होत असलेल्या मुंबई मॅरेथॉनने धावून निधी उभारण्याची सवय मध्यमवर्गाला लावली आहे. कायद्याने मात्र सावकाश दखल घेतली. अपंगांसाठी 1995 मध्ये झालेल्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तो आला, आणि 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिला स्थान मिळाले. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो आणि त्यात नियमित उपचारांच्या खर्चाचीही तरतूद आहे. परंतु जिल्ह्याच्या गावाबाहेर ही माहिती क्वचित पोचते. तेथे ‘याचे बाबाही उशिराच बोलले होते’ या आजीच्या दिलाशावर दोन-तीन मोलाची वर्षे जातात, नंतर नवससायास होतात, आणि मूल मोठे झाल्यावर ‘आमच्या माघारी याचे कसे व्हायचे?’ हा एकच प्रश्न आईबापांपाशी उरतो.

या प्रश्नाला कायद्याने निदान एक दार ठेवले आहे. अठरा वर्षांनंतर मुलासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीकडे करता येतो, आणि त्या समितीवर जिल्हाधिकारी असतात. तेव्हा आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावी जर कोणी अशी पदयात्रा काढणार असेल, तर त्याने सदऱ्यांच्या छपाईआधी मैदानाच्या कडेला एका टेबलाची सोय करावी. तेथे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची माहिती द्यावी, ‘निरामय’चे आणि पालकनेमणुकीचे अर्ज भरून द्यावेत, जमलेल्या वर्गणीतून अर्जदाराला जिल्ह्याच्या गावापर्यंत जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, आणि त्या टेबलामागे बसणाऱ्यांत निदान एक तरी व्यक्ती स्वतः स्वमग्न असावी.