गर्भातील बाळ आणि औषध : इतिहासाचा एक धडा

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले. निर्धोक म्हणून ते गर्भवतींना मळमळीवरही दिले गेले. गर्भाचे हातपाय पहिल्या दोन महिन्यांतच घडतात. त्या काळात हे औषध घेतलेल्या मातांची हजारो बालके व्यंगांसह जन्मली. १९६१ च्या अखेरीस तेथील विक्री थांबली. अमेरिकेत मात्र डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा मागत परवानगी रोखून धरली होती.

इतिहास शिकवताना आम्ही हा प्रसंग आवर्जून सांगतो. लेकीसुनांना आमची विनंती एवढीच : गरोदरपणात दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये, अपस्मार, थायरॉइड यांवरील चालू औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.