शेतकऱ्याच्या उतारवयाची तजवीज

सरकारी नोकरास आपल्या निवृत्तीची तारीख नोकरीस लागल्या दिवशींच ठाऊक असते. शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. ज्या दिवशीं गुडघे बांध चढेनासे होतात आणि पंप सुरू करावयास रात्रीं उठवत नाहीं, तोच त्याचा निवृत्तीचा दिवस; आणि तो आगाऊ सांगून येत नाहीं. नोकरास त्यानंतर निवृत्तिवेतन किंवा फंड मिळतो. शेतकऱ्यास शेतांतून जें निघेल तेवढेंच. पूर्वीं एकत्र कुटुंब होतें, जमीन एका खात्यांत होती, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचें पोट त्याच चुलीवर भरत असे. आतां जमिनीचे तुकडे पडले, मुलें पोटापाण्यासाठीं शहरांत गेलीं, आणि पुष्कळ घरांत नवराबायको दोघेंच उरलीं आहेत. अशा घरांकडे पाहून आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमचें सांगणें थोडक्यांत असें कीं, उतारवयाची तजवीज ही दैवावर किंवा मुलांवर सोडण्याची बाब नसून बियाण्याप्रमाणें आधीं राखून ठेवण्याची बाब आहे. दुष्काळांतही जाणता कुणबी बियाणें खात नाहीं. तीच शिस्त पैशाच्या बाबतींत पाळली, आणि जमिनीची मालकी हातची सोडली नाहीं, तर लहान शेतकऱ्यासही म्हातारपण मानानें काढतां येईल.

खर्चाचा अंदाज

प्रथम खर्च मांडावा, मग उत्पन्न. कारण उत्पन्न पावसाच्या हातीं आहे, खर्च आपल्या हातीं आहे. उदाहरणासाठीं पांच एकर जमीन असलेलें साठीच्या घरांतील एक जोडपें घेऊं. धान्य घरचें धरून महिन्याचा खर्च असा मांडतां येईल : किराणा, भाजीपाला व दूध ५,००० रुपये, औषधपाणी २,५००, वीज, गॅस व दूरध्वनी १,५००, प्रवास, आहेर व सणवार २,०००, घराची डागडुजी व किरकोळ १,०००. एकूण महिना १२,००० म्हणजे वर्षास १,४४,००० रुपये होतात. प्रत्येकानें आपल्या घरचे आंकडे यांत घालावे. परंतु ते मनांत न ठेवतां वहींत लिहावे. वर्षभर लिहिलेल्या वहींतून खरा खर्च कळतो.

दुसरी गोष्ट महागाईची. ७२ या आंकड्यास महागाईच्या दरानें भागलें असतां किती वर्षांनीं खर्च दुप्पट होईल तें कळतें. दर शेंकडा ६ धरला तर बारा वर्षांत खर्च दुणावतो. म्हणजे साठाव्या वर्षीं ज्या घरास १२,००० लागतात, त्यास बहात्तराव्या वर्षीं २४,००० आणि चौऱ्यायशींव्या वर्षीं ४८,००० लागतील. म्हणून आज पुरतें तें पुढेंही पुरेल, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

उत्पन्नाच्या वाटा

शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा स्वभाव असा कीं, तें वर्षांतून एकदोनदां मोठ्या रकमेनें येतें. उसाचें बिल आलें किंवा कांद्याची पट्टी हातांत पडली म्हणजे पैसा दिसतो. पुढचे आठ महिने तो दिसत नाहीं. तरुणपणीं ही ओढाताण हातउसन्यानें निभते. म्हातारपणीं हातउसनें देणाराही मागेंपुढें पाहतो. यासाठीं वर्षाच्या रकमेचे बारा भाग करून महिन्यास एकच भाग खर्चावा.

पहिली वाट जमिनीची. अंगमेहनत होईनाशी झाली म्हणजे जमीन बटाईनें, अर्धेलीनें किंवा खंडानें दिली जाते. हा व्यवहार बहुतेक तोंडीच होतो, कारण कूळकायद्याची धास्ती अद्याप मनांतून गेलेली नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं, कृषकदिनीं, कसणारी कुळें कायद्यानें मालक मानलीं गेलीं, ही गोष्ट घरोघरीं सांगितली जाते. धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु तोंडी व्यवहारांत म्हाताऱ्याचेंच नुकसान अधिक होतें. जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन व्यवहाराचा कागद कसा करावा तें ठरवावें. ज्यांची पडीक किंवा हलकी जमीन वीज उपकेंद्राच्या जवळ आहे, त्यांनीं सौर प्रकल्पास जमीन भाड्यानें देण्याचाही विचार करावा. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत, २०२३ सालीं, हेक्टरीं वर्षास १,२५,००० रुपये भाडें व त्यांत दरसाल शेंकडा ३ वाढ असा दर ठरविण्यांत आला. जमीन आपल्याच मालकीची राहून दरसाल ठरीव रक्कम येते, हा त्याचा गुण.

दुसरी वाट शासकीय साहाय्याची. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षास ६,००० व महाराष्ट्रांत २०२३ पासून सुरू झालेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळून १२,००० रुपये होतात. हें साहाय्य जमीन ज्याच्या नांवावर आहे त्यास मिळतें, हें ध्यानांत ठेवावें. यांखेरीज प्रधानमंत्री किसान मानधन योजना २०१९ च्या सप्टेंबरांत सुरू झाली. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वर्षांच्या शेतकऱ्यानें वयाप्रमाणें महिना ५५ ते २०० रुपये भरावे, सरकारनें तितकेच घालावे, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळावे, अशी ती योजना आहे. पेन्शनर वारल्यास पतीस किंवा पत्नीस निम्मी रक्कम मिळते. अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. तिच्यांत महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात, मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणारांस तींत नव्यानें जातां येत नाहीं. या योजना चांगल्या आहेत; तथापि त्यांवरच विसंबूं नये. आज तीस वर्षांचा असलेला तरुण साठीला जे ३,००० रुपये घेईल, त्यांचें मोल शेंकडा ६ महागाईनें आजच्या सुमारें ५२० रुपयांइतकेंच उरेल.

तिसरी वाट स्वतःच्या बचतीची. वरील जोडप्यास बटाईपासून वर्षास ६०,००० व सरकारी साहाय्याचे १२,००० मिळतात असें धरलें, तर १,४४,००० पैकीं ७२,००० कमी पडतात. शेंकडा ७ व्याजानें ही तूट भरून काढावयास सुमारें १०,३०,००० रुपयांची ठेव लागेल. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु दरसाल पीक विकल्यावर २४,००० रुपये बाजूस टाकले व त्यांवर चक्रवाढीनें शेंकडा ७ मिळाले, तर १० वर्षांत ३,३२,०००, २० वर्षांत ९,८४,००० आणि ३० वर्षांत २२,६७,००० रुपये होतात. तीस वर्षांत भरलेलें मुद्दल अवघें ७,२०,००० आहे, बाकीचें व्याज. यावरून उघड होतें कीं, या पिकास पाण्यापेक्षां अवधि अधिक लागतो. चाळिशींत पेरलें तर साठीस हातीं येतें. पंचावन्नाव्या वर्षीं पेरलें तर वैरणीपुरतेंच. शिवाय महागाईस तोंड द्यावयाचें म्हणून मालाचा भाव जसा चढेल तशी ही रक्कमही चढवावी, आणि साठीनंतर सगळें व्याज न खातां त्यांतील कांहीं भाग मुद्दलांत टाकावा.

बचत कोठें ठेवावी

म्हातारपणाच्या पैशास पहिला गुण सुरक्षितता, दुसरा व्याज. कामाच्या वयांत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें खातें सोईचें आहे. मुदत १५ वर्षांची, वर्षास कमाल १,५०,००० रुपये, व्याजावर आयकर नाहीं. आणि सावकाराच्या किंवा बँकेच्या कर्जासाठीं दिवाणी कोर्टाच्या हुकमानें त्यावर जप्ती आणतां येत नाहीं. कर्जाचें ओझें वाहणाऱ्या शेतकऱ्यास या शेवटच्या गुणाचें मोल अधिक वाटेल. साठीनंतर टपाल कचेरींत वा बँकेंत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचें खातें काढतां येतें. त्याची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३० लक्ष रुपये असून व्याज दर तिमाहीस हातीं येतें.

आतां एक सावधगिरीची सूचना. शेंकडा एकदोन रुपये अधिक मिळतात म्हणून गांवोगांवच्या पतसंस्थांत आयुष्याची पुंजी ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. बँकेंतील ठेवीस, सहकारी बँक धरून, दर बँकेंत दर ठेवीदारामागें ५ लक्ष रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. विमा असूनही पैसा अडकतो, हें २०१९ च्या सप्टेंबरांत पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हां ठेवीदारांनीं अनुभविलें. सहकाराविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण सर्व अंडीं एका डालग्याखालीं ठेवूं नयेत. पतसंस्थेंत बुडाले तरी चूल बंद पडणार नाहीं इतकेच ठेवावे, आणि बँकेंतही एका ठिकाणीं पांच लक्षांहून अधिक ठेवूं नये.

कराचा विचार

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाहीं, एवढें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शेतकऱ्याचें प्रत्येक उत्पन्न शेतीचें नव्हे. दुधाचा धंदा, कोंबड्या, ट्रॅक्टरचें भाडें व ठेवींवरील व्याज हीं कायद्याच्या दृष्टीनें निराळीं उत्पन्नें आहेत. अशीं उत्पन्नें करमुक्त मर्यादेच्या वर गेलीं आणि शेतीचें उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असलें, तर कराचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्न मिळवून धरतात. लहान शेतकऱ्यास याची झळ सहसा लागत नाहीं. कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ साठीं नव्या पद्धतींत १२ लक्ष रुपयांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर करसूट देण्यांत आली. तरीही बँक व्याजांतून कर कापूं शकते. ज्येष्ठांच्या बाबतींत ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षास १ लक्ष रुपये व्याजाची आहे. ज्यांस कर लागूच नाहीं त्यांनीं वर्षारंभींच बँकेंत तसें निवेदन भरून द्यावें. मागील वर्षीं आयकर भरणारास किसान सन्मान निधि मिळत नाहीं, हेंही विसरूं नये.

खरा फटका जमीन विकतांना बसतो. खेड्यांतील शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाहीं. शहरालगतच्या जमिनीवर आहे. नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक पण १ लक्षापर्यंत असल्यास तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १० लक्षांपर्यंत असल्यास ६, व त्याहून अधिक असल्यास ८ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. हें अंतर सरळ रेषेनें मोजतात, रस्त्यानें नव्हे. विक्रीच्या पैशांतून दोन वर्षांच्या आंत दुसरी शेतजमीन घेतल्यास ठराविक अटींवर सूट मिळते. म्हणून सौदा करण्यापूर्वीं सल्ला घ्यावा. खरेदीखत झाल्यावर घेतलेला सल्ला उपयोगीं पडत नाहीं.

जमीन कोणाच्या नांवें?

आतां सर्वांत नाजूक विषयाकडे वळतों. "सगळें मुलांचेंच आहे, आज काय नि उद्यां काय," असें म्हणून पुष्कळ बाप साठीच्या आंत सातबारा मुलांच्या नांवें करून मोकळे होतात. २०१५ पासून महाराष्ट्रांत मुलाबाळांस दिलेल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्रास मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, इतर आकार निराळे. तेव्हां हें काम स्वस्तांतही होतें. परंतु नांव गेलें म्हणजे सन्मान निधि जातो, पीककर्ज जातें, बटाईचा वाटा मागण्याचा हक्क जातो, आणि कधीं कधीं घरांतील शब्दाचें वजनही जातें. सगळींच मुलें वाईट असतात असें आम्ही म्हणत नाहीं. पण चांगला मुलगाही अपघातानें वा कर्जानें अडचणींत येतो, आणि मग बापाची जमीन त्याच्या देण्यांत सांपडते.

म्हणून निदान नवराबायकोच्या पोटापुरती जमीन अखेरपर्यंत स्वतःच्या नांवें ठेवावी व पुढील वांटणी मृत्युपत्रानें करावी. मृत्युपत्र हयातींत केव्हांही बदलतां येतें. स्वकष्टार्जित जमिनीचें मृत्युपत्र सरळ असतें. वडिलोपार्जित जमिनींत मुलींचाही मुलांबरोबर हक्क आहे, तो हिशेबांत धरावा. हयातींत द्यावयाचेंच झालें, तर बक्षीसपत्रांत "आमचा तहहयात सांभाळ करावा" ही अट स्पष्ट शब्दांत घालावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याप्रमाणें अशी अट मोडल्यास तें हस्तांतर रद्द ठरवून घेतां येतें. मात्र अट होती हें दाखवावें लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें आहे. आणि जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निकालांत या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताकडे पाहून उदारपणें लावावा असेंही म्हटलें आहे. कागदावर एक ओळ आधींच असली तर कोर्टाच्या पायऱ्या बहुधा चढाव्या लागणार नाहींत.

दुखणें व मागें राहणारें माणूस

एक मोठें दुखणें दहा वर्षांची बचत खातें. वयाची सत्तर वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून आयुष्मान भारत योजनेंत वर्षास ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. त्याचें कार्ड दुखणें येण्यापूर्वींच काढून ठेवावें. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यांत मोकळा ठेवावा, म्हणजे ठेव मुदतीआधीं मोडावी लागत नाहीं.

दोघांपैकीं एक आधीं जाणार, आणि बहुधा मागें राहते ती घरची बाई. ठेवी दोघांच्या नांवें असाव्या, प्रत्येक खात्यावर वारसाचें नांव नोंदलेलें असावें, आणि कोणता कागद कोणत्या पेटींत आहे हें तिला ठाऊक असावें. हिशेबाची वही तिनेंही वाचावी. शक्य तर तिनेंच लिहावी. जमिनीचा एखादा तुकडा तिच्या नांवें असला तर फारच उत्तम.

यंदा माल विकून पट्टी हातांत आली म्हणजे देणेकऱ्यांची यादी करतांना आमच्या सभासदांनीं पहिलें नांव आपल्या म्हातारपणाचें घालावें. तें देणें मागावयास कोणी दारीं येत नाहीं, म्हणूनच तें आधीं फेडावें लागतें.