पडक्या घराचा उलटा हिशेब

अमेरिकेत गळकं छप्पर, ओल धरलेल्या भिंती आणि बंद पडलेलं हीटिंग असलेल्या घरालाही गिऱ्हाईक मिळतं. ते असतं गुंतवणूकदार, आणि त्याचं गणित सुरू होतं थेट घराच्या भविष्यापासून! दुरुस्तीनंतर हे घर कितीला जाईल? आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या, तेवढ्याच मोठ्या, नीटनेटक्या घरांच्या भावांवरून तो हा आकडा काढतो आणि तिथून उलटा मागे येतो.

समजा, आकडा आला ३ लाख डॉलर. या धंद्यात ७० टक्क्यांचा एक ठोकताळा रूढ आहे. ३ लाखांचे ७० टक्के म्हणजे २ लाख १० हजार. त्यातून दुरुस्तीचे ५० हजार वजा केले की उरतात १ लाख ६० हजार. यापेक्षा जास्त द्यायचे नाहीत. राखून ठेवलेल्या ३० टक्क्यांत कर्जाचं व्याज, मालमत्ता कर, विमा, दलाली आणि नफा, सगळं बसवायचं असतं.

आता खरी गंमत पाहा. जमिनीखालच्या पाइपांची अवस्था कळली नाही, तर घेणारा भीतीपोटी दुरुस्तीत आणखी २० हजार धरतो आणि देऊ केलेली किंमत तेवढीच खाली येते. प्रत्यक्षात काम ५ हजारांचं असलं, तरी तोटा विकणाऱ्याचाच!

म्हणून अशा घराच्या जाहिरातीत सजवलेल्या दिवाणखान्यापेक्षा वेगळे फोटो मोलाचे ठरतात: पाणी तापवायच्या टाकीवरची उत्पादनाची तारीख, भिंतीच्या तड्याला लावलेली मोजपट्टी, विजेच्या पॅनेलवरचं लेबल. जोडीला सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा सोडून केलेलं चित्रण आणि कंत्राटदाराचा लेखी अंदाज. १९७८ पूर्वीच्या घरात शिसंयुक्त रंग असल्याचं ठाऊक असेल, तर ते सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

दोष विकणाऱ्यालाच ठाऊक आणि घेणारा अंधारात, अशा बाजारात चांगल्या मालाचाही भाव पडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवलं. माहितीच्या या विषमतेवरच्या कामासाठी २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं.

तेव्हा मोडकं घर विकायला काढलंत, तर तडे रंगाखाली झाकू नका. ते मोजा, त्यांचा खर्च काढा आणि कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्या. इथे प्रामाणिकपणाला रोख किंमत आहे.