बाटलीच्या बुडाशी सदाफुली

सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली उलटी धरा आणि तिचं बूड नीट बघा. पाच फुगीर पाय आणि मधोमध एक ठिपका. सदाफुलीला पाकळ्या किती? पाच. जास्वंदीला? पाच. बाटलीच्या बुडालाही पाच! घरातल्या मोठ्या माणसाकडून ते बूड कापून घेतलं, की हातात आयतं पाच पाकळ्यांचं फूल येतं. अशी आठ-दहा फुलं तारेत ओवून गिरगाव-लालबागच्या चाळीत गॅलरीच्या कठड्याला बांधली, तर सकाळच्या उन्हात काय झळकतात म्हणून सांगू!

गंमत म्हणजे, बाटली करणाऱ्यांना फूल करायचंच नव्हतं. त्यांना काळजी होती आतल्या वायूची. सोड्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो. उन्हाने तापलेल्या बाटलीत त्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त होतो. एवढा दाब सगळ्यात चांगला सोसतो तो गोल आकार, कारण गोलावर त्याचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. पण गोल बुडाची बाटली टेबलावर उभी कशी राहणार? म्हणून सुरुवातीच्या मोठ्या बाटल्यांचं बूड गोलच ठेवायचे आणि त्याला खालून दुसऱ्या प्लास्टिकची वाटी चिकटवायचे. पुढे त्या गोलातूनच पाच पाय बाहेर काढायची युक्ती निघाली. आता बाटली पायांवर उभी राहते आणि दोन पायांमधली प्रत्येक पट्टी मूळच्या गोलाचाच तुकडा असल्यामुळे दाब सोसते. आपलं फूल जन्मलं ते असं, दाबातून!

या बाटलीचा जनक नॅथॅनिएल वायेथ नावाचा अमेरिकन इंजिनिअर. सोडा काचेच्याच बाटलीत का भरतात, असा त्याला प्रश्न पडला. त्याने साबणाच्या पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, तीत आल्याचं फसफसणारं पेय भरलं आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बघतो तर बाटली टम्म फुगून फ्रीजच्या फळ्यांमध्ये अडकून बसलेली! मग त्याने बरीच खटपट करून पेट नावाचं प्लास्टिक निवडलं आणि ते उभं-आडवं असं दोन्हीकडे ताणून बाटली घडवायची रीत शोधली. १९७३ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. त्याचा भाऊ अँड्र्यू वायेथ हा अमेरिकेतला नावाजलेला चित्रकार. चित्रकाराच्या भावाने घडवलेल्या बाटलीतून आपण फुलं कापतो, हे मला फार आवडतं.

पेट कसं ताणतात, तेही बघण्यासारखं आहे. कारखान्यात बाटली आधी बोटभर लांबीच्या जाड परीक्षानळीच्या रूपात येते. तिच्या तोंडाला झाकणाचे आटे मात्र तेव्हापासूनच असतात. ही नळी गरम करून साच्यात धरतात, आतून एक दांडी तिला लांब ताणते आणि जोराची हवा तिला चारी बाजूंनी फुगवते. पेटचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात. ताणल्यावर त्या साखळ्या ओळीत लागतात आणि तशाच थंड होतात. म्हणून कागदाइतकी पातळ बाटलीसुद्धा इतकी चिवट असते.

पण त्या साखळ्या आपलं आखडलेलं रूप विसरलेल्या नसतात, बरं का. साधारण ७५ अंशांच्या पुढे ऊब मिळाली, की त्या सैल होऊन पुन्हा आकसायला लागतात. उकळतं पाणी ओतलं की बाटली गोळा होते ती यामुळेच. फुलं करणारे नेमका याचाच उपयोग करतात. कापलेल्या बाटलीची धार बोचते. ती धार गरम इस्त्रीवर क्षणभर टेकवली, की आत वळते आणि गुळगुळीत होते. पाकळीची कडासुद्धा अशीच दुमडते. मात्र कात्री आणि इस्त्री मोठ्यांच्या हाती, आणि खिडकी उघडी. प्लास्टिक जाळायचं तर मुळीच नाही, त्याचा धूर विषारी असतो.

आता बाटलीचं झाकण घ्या. झाकण आणि बाटलीचा कापलेला एक तुकडा, दोन्ही बादलीभर पाण्यात टाका आणि बोटाने दाबून आत बुडवा, म्हणजे चिकटलेले हवेचे बुडबुडे निघून जातील. काय झालं? तुकडा तळाशी गेला आणि झाकण वर आलं. दोन्ही प्लास्टिकच, पण एकाच जातीचं नव्हे! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तेवढ्याच जागेत मावणारं पेट जवळजवळ एक किलो चारशे ग्रॅम भरतं, म्हणून बुडतं. झाकण असतं पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. दुधाची पिशवीही तरंगणारीच. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला १ हा आकडा पेटचा. २ आणि ४ पॉलिइथिलीनचे, ५ पॉलिप्रॉपिलीनचा. घरातले डबे उलटे करून आकडे वाचत बसा, अख्खी दुपार मजेत जाईल.

तुम्ही बादलीत केलंत तेच काम मोठ्या प्रमाणावर भंगाराच्या धंद्यातही होतं. तुमच्या भंगारवाल्याने नेलेलं प्लास्टिक बहुतेकदा धारावीच्या बाजूला जातं. तिथे तेरा कंपाउंड नावाचा भाग आहे. तिथली माणसं प्लास्टिक नुसतं वाकवून, वाजवून त्याची जात ओळखतात. मग रंग वेगळे करणं, तुकडे करणं, धुणं आणि पत्र्याच्या छपरावर वाळवणं. जाती वेगळ्या कराव्याच लागतात, कारण पॉलिइथिलीन ११० ते १३५ अंशांच्या आसपास वितळतं, तर पेटला २५० अंशांची आच लागते. एकाचा पाक होईल तेव्हा दुसऱ्याचे खडे तसेच राहतील. ही माणसं नसती तर मुंबईचं काय झालं असतं, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण भंगारात देण्याआधी डब्या-बाटलीत झाडही लावता येतं. आपल्या परळ-लालबागच्या भागात टाकाऊ डब्यातली बाग प्लास्टिकच्याही आधीची आहे. आजीला विचारा, तिच्या चाळीत तुळस कशात होती? बहुतेक उत्तर येईल, डालड्याच्या डब्यात! पिवळा पत्रा आणि त्यावर हिरवं झाड. हे वनस्पती तूप १९३७ मध्ये बाजारात आलं, आणि ते करणाऱ्या कंपनीचा कारखाना होता परळच्या शेजारीच, शिवडीला. तूप संपलं की डब्याला खिळ्याने भोकं पाडायची, गॅलरीत टांगायचा आणि त्यात तुळस, नाहीतर पानओवा, नाहीतर कोरफड. पत्र्याचं एक बरं होतं, तो गंजून हळूहळू मातीत जायचा. पुढे तेला-तुपाचे डबे प्लास्टिकचे झाले. त्यांना गंज चढत नाही आणि ते मातीत मिसळतही नाहीत.

बाटलीची स्वतः पाणी पिणारी कुंडी मला सगळ्यात आवडते. बाटली मधोमध कापायची. झाकणाला भोक पाडून त्यातून जाड सुती दोरी ओवायची. वरचा अर्धा भाग उलटा करून खालच्या अर्ध्यात बसवायचा. वर माती आणि रोप, खाली पाणी, आणि दोरीचं एक टोक पाण्यात, दुसरं मातीत. निरांजनात तेल वातीतून वर चढतं ना, तसं पाणी दोरीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर चढतं. याला म्हणतात केशाकर्षण. मे महिन्यात चार दिवस गावी गेलात, तरी मनीप्लांटची काळजी नको.

दोन अडचणी येतील, त्या आधीच सांगते. बाटली पारदर्शक असल्यामुळे पाण्यावर उजेड पडतो आणि शेवाळ धरतं. मग वाटतं, बाटलीला ऑइलपेंट फासावा. तसं करू नका! रंगाने माखलेली बाटली पुढे भंगारात कोणी घेत नाही आणि तिचा प्रवास तिथेच संपतो. त्यापेक्षा जुन्या साडीची पट्टी किंवा गोणपाट गुंडाळा. उजेड अडतो, दिसतंही सुंदर, आणि नको झालं की सोडवून बाटली परत भंगारवाल्याला देता येते.

दुसरी अडचण डासांची, आणि ती साधी नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला घाणेरडं गटार लागत नाही. त्याला हवं असतं साठलेलं स्वच्छ पाणी. कुंडीखालची ताटली, टांगलेल्या बाटलीचा कोपरा, एखादं झाकणसुद्धा त्याला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून, आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात! घासणीने घासली तरच जातात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी कुंड्यांखाली वाकून बघतात ती याच्यासाठीच. आपल्या कुंडीत वरच्या आणि खालच्या भागामधली फट कापडाने गच्च बंद करा, म्हणजे मादीला आत शिरता येणार नाही. परळच्या केईएम रुग्णालयात तापाच्या रुग्णांची रांग लागते त्या दिवसांत ही काळजी घ्यायलाच हवी.

शिवाय ऊन आहेच. गच्चीवर वर्षानुवर्षं पडलेली बादली हात लावताच तुटते, पाहिलंय ना? उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात. तुटता तुटता त्याचा बारीक चुरा होतो आणि तो मातीत, गटारात, समुद्रात जातो. आता सांगा, नर्सरीतलं रोप काळ्या पिशवीत का असतं? गच्चीवरच्या टाक्या अनेकदा काळ्या का? त्या प्लास्टिकमध्ये काजळीचे बारीक कण मिसळलेले असतात. ते अतिनील किरण स्वतः शोषतात, त्यामुळे प्लास्टिक जास्त टिकतं. आपल्या बाटलीच्या फुलांना ही ढाल नाही. म्हणून ती सकाळचं कोवळं ऊन येईल अशा गॅलरीतच बरी, आणि ठिसूळ झाली की लगेच उतरवायची.

पिशव्यांची गोष्ट आणखी वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. मुंबईचे नाले तुंबले, आणि त्यात पातळ पिशव्यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये आणखी कडक प्लास्टिकबंदी आली. दादरच्या हिंदमाताजवळ राहणाऱ्यांना तुंबणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको! एक छोटी गोष्ट तुम्ही आजपासून करू शकता. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नका, लटकताच राहू द्या. पिशवी भंगारात जाते, पण सुटा कोपरा इतका चिमुकला असतो की तो कोणीच वेचत नाही.

या गोळा झालेल्या प्लास्टिकचं होतं काय? बुडणाऱ्या पेटचे तुकडे वितळवून त्यांचा धागा काढतात. एके काळी परळ-लालबागच्या गिरण्यांत कापसाचं सूत निघायचं, आता बाटल्यांचंही सूत निघतं! २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघाने घातलेल्या कपड्यांच्या प्रत्येक जोडात सरासरी ३३ बाटल्या होत्या.

आणि तरंगणाऱ्यांमधून बाकं होतात. प्रोजेक्ट मुंबई या संस्थेने रिसायक्लोथॉन नावाची मोहीम काढून मुंबईकरांच्या घरातलं प्लास्टिक गोळा केलं आणि त्यातून बागांसाठी बाकं करून घेतली. वितळलेलं प्लास्टिक लांब साच्यात दाबलं की फळ्या तयार होतात. त्यांना वाळवी लागत नाही, त्या पावसात कुजत नाहीत, आणि लाकडासारखं त्यांना कापता-ठोकता येतं. असं बाक दिसलं तर त्याचा रंग बघा. बहुतेक करडा, तपकिरी किंवा काळपट असेल. लाल झाकण, निळा डबा, पिवळी बाटली, पांढरी पिशवी असं सगळं एकत्र वितळलं की रंग मळकटच येतो, म्हणून त्यात आणखी गडद रंग घालतात. तो रंग बऱ्याचदा काजळीचाच असतो.